लाल रेघेवरचा बोअर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या ऑफिसात आमच्या भूजल विभागासाठी नवा संगणक आला आणि त्याच्यासमोर मला बसवलं. आमचं काम जिथं चाले त्या राहात्याकडचं ऊन, धूळ, जीपचे धक्के, सगळ्याचा मला तिटकारा होता. उपग्रहाचं चित्र पडद्यावर उघडायचं, त्यावर नकाशा बसवायचा आणि कोणत्या रस्त्यानं जा, कुठली विहीर मोजा, बोअर कुठे घ्या, हे फील्डवरच्या माणसाला इथूनच कळवायचं. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, त्याच भागातला, शिक्षणानं मॅट्रिक. मला तो मुळीच आवडायचा नाही.

राहात्याजवळच्या एका बौद्ध वस्तीला पिण्याच्या पाण्यासाठी एकच बोअर मंजूर होता. तोवर तिथल्या बायका एका बागायतदाराच्या विहिरीवरून पाणी आणत. उपग्रहाच्या चित्रात हिरवळ लाल दिसते. वस्तीशेजारून एक सरळ लाल रेघ गेली होती. खडकात भेग, भेगेत पाणी, म्हणून वर झाडी, असा हिशेब करून मी पाच मिनिटांत जागा ठरवून टाकली.

त्याचा एसटीडी बूथवरून फोन आला. "साहेब, ती भेग न्हाई. साखर कारखान्याच्या मळीच्या घान पान्याचा चर हाय तो. म्हनून तर काठाला बाभळी माजल्यात. लई वर्सं बघतोय आमी."

"तुम्हाला भूशास्त्र कोणी शिकवलं?" म्हणत मी फोन आपटला.

बोअर मी ठरवलेल्या जागीच घेतला आणि पाणी भरपूर लागलं. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि हापसा बसवला त्या दिवशी फोटोसाठी मलाच पाठवलं. वस्ती सगळी जमली होती. एका म्हातारीनं तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

"तुमी जागा दावली म्हनं. पयला घोट तुमचा."

तोंडाजवळ नेताच मळीचा वास आला. म्हणजे त्याचंच खरं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घोट गिळला आणि म्हणालो, "चांगलं आहे पाणी."

म्हातारीनं तांब्या नातीकडे दिला. तेवढ्यात फील्डवरचा तो माणूस पुढे झाला, पोरीच्या हातातून तांब्या घेतला, हुंगला आणि पाणी मातीत ओतलं.

"हे पिऊ नका," तो म्हणाला. "गुरांना बी दावू नका."

म्हातारी हंडा उचलून बागायतदाराच्या विहिरीच्या वाटेला लागली, रोजच्यासारखी. मला लाज वाटायला हवी होती. पण मला आला तो राग, आणि तोही त्या माणसाचा. आजही येतो.