आजारी माणसाच्या अंगणात

डोरीनला चाकांवरचं घर बांधायची अवदसा आठवली, तेव्हाच मी म्हटलं होतं, बांधशील गं बाई, पण ठेवशील कुठे? शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं राबलेली बाई. नवरा गेला, भाड्याचं घर मालकाने विकलं. मग दोन हिवाळे खपून तिने स्वतः फळ्या ठोकल्या. सात पावलं लांबीचं घर, आत शेगडी, वर माळ्यावर गादी.

बघायला अख्खा गाव लोटला. "अय्या, किती गोड!" फोटो काढून झाले. पण "तुमच्या अंगणात ठेवू का?" म्हटलं, की प्रत्येकाला ओव्हनमधला केक आठवायचा. चर्चच्या मंडळींनी तर डोळे मिटून प्रार्थना केली आणि डोळे उघडून नाही म्हटलं. मी तरी कुठली मोठी धुतल्या तांदळाची? आमचं अंगण उताराचं आहे, असं तोंड वर करून सांगितलं. इतकं काही उताराचं नाही.

शेवटी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्हा कचेरीच्या, नियमात फट सापडली. चाकांवरच्या घरात राहायला बंदी. पण कुणी आजारी असेल, तर त्याचं करणाऱ्या नातलगाने अंगणात असं घर ठेवलेलं चालतं. आजारी बरा झाला की नव्वद दिवसांत हलवायचं. म्हणजे हिला टेकायला जागा हवी, तर आधी दुसरं कुणीतरी अंथरुणाला खिळायला हवं! वा रे शहाण्यांनो!

डोरीनचा थोरला भाऊ वेंडल, जन्मभर जंगलात झाडं पाडलेला, महाहेकट. त्याला अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरने दाखला दिला आणि डोरीनचं घर त्याच्या अंगणात उभं राहिलं. ही वेडी मन लावून त्याचं करायला लागली. सूप भरवायची, रोज हाताला धरून टपालपेटीपर्यंत चालवायची. वर्षभरात म्हातारा काठीवर आला.

"अगं, इतकी कशाला मरतेस? राहू दे की त्याला जरा आजारी," मी म्हटलं.

"भाऊ आहे माझा," ती फणकारली.

वर्षाने तपासणी आली. आदल्या दिवशी तिने त्याला बजावलं, "वेंडल, तुला अजून धरावं लागतं, एवढंच खरं ते सांग. उगाच मर्दुमकी गाजवू नकोस."

"कळतं मला. कुक्कुलं बाळ आहे का मी?"

काउंटीची बाई आली. वाकून, गालात हसत तिने विचारलं, "काय आजोबा, बाथरूमला कोण नेतं आपल्याला?"

झालं! म्हातारा लालबुंद. काठी भिरकावली, पायऱ्या उतरला, कुऱ्हाड उचलली आणि एका घावात ओंडका फोडला. "मला कुणी नेत नाही!" बाईने टाळ्या वाजवल्या आणि कागदावर 'बरा' लिहिलं.

नव्वदाव्या दिवशी डोरीनने ट्रक आणला. कुठे जायचं, तिलाच ठाऊक नव्हतं. घर ट्रकला जोडायला वेंडलने कुणाला हात लावू दिला नाही. पाय ओढत, धापा टाकत त्याने एकेक साखळी अडकवली. वर तोंड करून म्हणतो, "बघितलंस, डोरी? ठणठणीत आहे मी!"

आणि तिथेच वाकलेला राहिला. उठता येईना. ट्रकमधून उतरून डोरीनने त्याला काखेत हात घालून उठवलं, खुर्चीत नेऊन बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं. मग ट्रकमध्ये चढली आणि घर घेऊन निघाली.