कोठी, कुलूप आणि कोमट पाण्याचा हौद

उंद्रीचे हिंमतराव दिसण्याआधी ऐकू येतात. त्यांच्या करदोड्याला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि तो चालताना वाजतो. काही वर्षांपूर्वी ऐन हरभऱ्याच्या ओलितात त्यांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. तेव्हापासून शेतात जे यंत्र येईल त्याला पत्र्याची कोठी आणि कोठीला कुलूप, हा त्यांचा नियम झाला. मोटरला कोठी, स्टार्टरला कोठी, फवारणी पंपालाही कोठी. गावातली पोरं विचारतात, "बाबा, बैलाले कोठी काऊन नाही?"

"बैल चोराले लाथ मारते," हिंमतराव म्हणतात. "मोटर मारते का बे?"

माझं शेत त्यांच्या बांधाला लागून आहे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी सोजराबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय साथ देईना. मार्गशीर्षात आमच्याकडे शेतात रोडगे होतात. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, आणि सगळं गाव पंगतीला. सोजराबाईंचा रोडगा आतून कधी कच्चा निघाला नाही, असा त्यांचा लौकिक. बाजेवर पडल्या पडल्या त्यांचं एकच म्हणणं होतं, "औंदा रोडगे मी उभी राहून भाजीन. बसून नाही."

चिखलीच्या व्यायामोपचार करणाऱ्या भार्गवीताईंनी उपाय सांगितला. छातीइतक्या कोमट पाण्यात रोज चालायचं. पाण्यात शरीराचं वजन कमी भासतं, पाय हलका उचलतो. हिंमतरावांच्या विहिरीजवळ सिमेंटचा हौद होता. त्याला पायऱ्या बांधल्या, धरायला लोखंडी दांडा बसवला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, दीपकने, एका बंद पडलेल्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा गॅस हीटर मिळवून दिला. दिवाळीनंतर बुलढाण्याचा फिटर देवानंद तो बसवायला आला.

देवानंदने आधी हीटर खोलून साफ केला, मग हौदापासून दूर उघड्या ओट्यावर ठेवला. सिलिंडर मोकळ्या जागेत उभे केले. नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. मग समजावून सांगितलं, "काका, आधी पाण्याचा पंप चालू, मग हीटर. बंद करताना उलटं. हीटर बंद झाला तरी पंप थोडा वेळ चालू ठेवा, आतलं पाणी उकळू नये म्हणून. वास आला तर बटणाले हात लावू नका, सिलिंडरचा कॉक बंद करा अन् दूर व्हा. काकूंना पाण्यात उतरवण्याआधी तापमापी पाहा, अन् त्याईले एकटं सोडू नका. आणि याच्याभोवती काही बांधू नका. याले मोकळी हवा लागते."

"हाव," हिंमतराव म्हणाले. देवानंदची मोटरसायकल वळणाआड गेली आणि त्यांनी पत्रे मोजायला घेतले.

मी म्हटलं, "हिंमतराव, तो नाही म्हणाला ना?"

"सुधाकरभाऊ, त्याले बुलढाण्यात राहायचं आहे, मले इथं. हा चोरीले गेला तर दीपकची माय चालन कशी?"

माणूस आत उभा राहील एवढी कोठी झाली, कुलूप लागलं. सोजराबाई रोज सकाळी दांडा धरून पाण्यात चालू लागल्या. पाय खरंच उचलू लागला. हिंमतराव मात्र तेवढा वेळ कोठीत उभे राहून हीटरचा आकडा बघत, आणि थंडी आत येऊ नये म्हणून दार ओढून घेत. काही दिवसांनी ते डोकं जड झाल्याची तक्रार करू लागले. थंडी बाधली म्हणून सुंठ उगाळून लावत.

एका सकाळी पाण्यात उतरण्यापूर्वी सोजराबाई हौदाच्या कठड्यावर बसल्या होत्या. हिंमतरावांनी कोठीचं दार उघडून हीटर पेटवला. बाईंनी आत पाहिलं. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती. वरचा नवाकोरा पत्रा काळा पडला होता.

"बंद करा ते."

"काऊन? पाणी अजून थंड आहे."

"मी जन्मभर चूल पेटवली. कोंडलेला जाळ मले समजते. अन् तुमचं डोकं कोठीतच काऊन दुखते? बांधावर काऊन नाही दुखत?"

हिंमतराव दारातच थांबले. "मग कोठी काढू? अन् चोर आला तर?"

"चोर आला तर हीटर नेईन. हे असंच राहिलं तर तुमाले नेईन. मंग मले दांड्यापर्यंत धरून कोण आणीन? मी आज पाण्यात उतरत नाही, जा."

त्यांनी पंप चालू ठेवून हीटर बंद केला, कॉक फिरवला आणि ओट्यावरून खाली येऊन बसले. बराच वेळ जुडग्यातल्या किल्ल्या एकामागून एक सरकवत होते. मग मला हाक मारली, "सुधाकरभाऊ, पाना घेऊन या."

पत्रे दुपारपर्यंत उतरले. दुसऱ्या दिवशी देवानंद आला. काळा पडलेला पत्रा बघून त्याने कपाळाला हात लावला, "काका, तुमी तं लयच नशीबवान. कोंडलेल्या जाळाचा वायू वास न येताच माणूस मारते." त्याने बर्नर पुन्हा साफ केला, ज्योत निळी होईपर्यंत हवा जुळवली. हिंमतराव हळूच म्हणाले, "जाळी लावली तर चालन का? चारही बाजूंनी उघडी, वरूनही मोकळी?"

देवानंद हसला. हीटरपासून किती लांब लावायची ते त्याने खडूने आखून दिलं. सिलिंडरचा कॉक मात्र जाळीबाहेर ठेवायला लावला, हात लगेच पोचावा म्हणून. जाळीला दार झालं, दाराला कुलूप. चोर आलाच तर जाळी कापायला त्याला कटर लागेल, एवढं समाधान हिंमतरावांना पुरलं. डोकेदुखी गेली. सुंठ परत डब्यात गेली.

चंपाषष्ठीला मळ्यात गोवऱ्या पेटल्या. सोजराबाई काठी टेकत, हिंमतरावांचा हात धरून विस्तवापाशी आल्या. मग त्यांनी तो हात सोडला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चिमटा. पहिला रोडगा उलटला, मग दुसरा. पाय थरथरत होता, पण टेकलेला होता. हिंमतराव घाईघाईने खुर्ची घेऊन आले.

"बस की आता जराशी. खुर्ची कुठं ठेवू?"

सोजराबाईंनी विस्तवावरची नजर काढली नाही.

"ठेवा कोठीत," त्या म्हणाल्या, "अन् कुलूप लावून टाका."