बनाला दिलेली धुरी

"मावशी, जंगल दाखवते, बीडला ये," असा भाचीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. बीडला ऊन हवं तेवढं, जंगल कुठलं? पण अश्विनी त्या उन्हाचाच अभ्यास करते, आणि मलाही घरात बसून कंटाळा आला होता. छत्रपती संभाजीनगरहून एसटी धरली. गेवराईला चहा घेतला, तो इतका गोड की त्यात चमचा उभा राहावा. मग बीड, आणि तिथून वडवणीची गाडी.

वडवणी जवळ आली तसं ऊन पिवळं पडायला लागलं. दिवस कलला नव्हता, तरी सावल्या फिक्या झाल्या होत्या. शेजारच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "डोंगरापल्याड वणवा लागलाय. दरसालचंच हाय."

अश्विनी मला डोंगरपायथ्याच्या गावात घेऊन गेली. गावातल्या बऱ्याच दारांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडे गेली होती. मागे राहिले म्हातारे, शेळ्या आणि आमचे यजमान मन्मथआप्पा. किराणा दुकान चालवणारा, कपाळाला भस्म लावणारा हा माणूस पाहुण्याला 'नाही' म्हणूच शकत नाही. हे पुढे अंगाशी येणार होतं.

गावामागच्या घळीत बन (देवाच्या नावानं राखलेली झाडी) आहे. महादेवाच्या ठाण्याभोवती वड, जांभूळ आणि मोहोरलेले आंबे. बाहेर गवत वाळून कोळ झालेलं आणि आत पाय ठेवला की गारवा. 'जंगल कुठलं?' असं मनात म्हटलं होतं, ते मुकाट्यानं मागे घेतलं. अश्विनीनं झाडांच्या शेंड्यांवर आणि खाली सावलीतही ऊन मोजायची यंत्रं बांधली होती.

संध्याकाळी आप्पांच्या शेतात हुरडा होता. आगटीतून (हुरडा भाजायचा शेणींचा विस्तव) कणसं बाहेर येत होती आणि माझा हात थांबत नव्हता. आप्पांनी विचारलं, "ताई, ऊन कावून मोजता? ते तर फुकट हाय."

अश्विनी खुलली. "स्वच्छ ऊन सरळ वरच्या पानांवर पडतं. त्यांना ते जास्तच होतं, आणि खालची पानं सावलीत उपाशी राहतात. हवेत पातळ धूर असला की ऊन विखुरतं, चहूबाजूंनी आत शिरतं. खालच्या पानांनाही वाटा मिळतो. मग झाडं हवेतला कर्ब जास्त खातात."

"म्हंजी धुरानं झाडाचं पोट भरतंय!"

"हो, पण धूर दाट झाला तर..." एवढ्यात आप्पांनी तिच्या हातावर गरमागरम हुरडा चोळून टाकला, ती "आई गं!" म्हणून हात झटकायला लागली, आणि वाक्य तिथंच राहिलं.

सकाळी बनात गेलो तर आत धूर! जांभळीखाली घमेल्यात निखारे, त्यावर कडुनिंबाचा पाला, आणि शेजारी पदरानं वारा घालत सोजरबाई. गावातल्या बाळ-बाळंतिणींना धुरी देणारी ही म्हातारी. म्हणाली, "आप्पा म्हनलं, ताईच्या झाडांला धूर मानवतोय. मंग म्या दिली धुरी. ववा बी टाकलाय."

मी हसता हसता खोकले आणि खोकता खोकता रडले. अश्विनीची सकाळची मोजणी वाया गेली होती, तरी तीही हसत सुटली. "आता ओव्याची नोंद कुठं करू?"

तेवढ्यात आप्पा आले, हातात आगपेटी. "ताई, घमेल्यानं काय हुतंय? वरचं गवतच पेटवून देऊ. गावातले दोन म्हातारे गेलेत वर. तुमी हो म्हना, की लावत्यात काडी."

आमचं हसू जागच्या जागी विरलं. वर गुडघाभर वाळलेलं कुसळीचं गवत होतं आणि वारा बनाकडे होता. मला धडकीच भरली. अश्विनी घाईघाईनं विकिरण, टक्केवारी असलं काहीबाही सांगायला लागली. आप्पांचा चेहरा पडला. पाहुणीचं भलं करायला जावं आणि पाहुणीनंच रागवावं, हे त्यांना कळेना.

मग अश्विनी ते सगळं सोडून सोजरबाईशेजारी बसली. "आजी, धुरी जास्त झाली तर?"

"लेकरू गुदमरतंय की. चिमटीनं द्यावी लागती."

"आणि धुरीसाठी घरच पेटवलं तर?"

"काय अभद्र बोलतीस गं!" म्हातारी करवादली. मग तिनं वर डोंगराकडे पाहिलं. "आरं आप्पा! इझवायला कोन हाय? समदं गाव कारखान्यावर गेलंय!"

आप्पांनी आगपेटी खिशात कोंबली आणि "थांबा बे, थांबा!" ओरडत चढण गाठली. आम्ही तिघी नुसत्या वर बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ते दोघांना घेऊन उतरले, घामाघूम, आणि डोंगर जसाच्या तसा होता. मला इतका आनंद झाला की मी आप्पांना हात जोडले.

दुपारी आम्ही सगळ्यांनी बनाच्या वरच्या अंगाला गवत कापून, माती उघडी करून जाळरेषा (वणवा अडवायचा मोकळा पट्टा) काढली. मीही विळा धरला. माझ्याकडचा तुकडा पाहून सोजरबाई तोंडाला पदर लावून हसली.

घरी परतले ती तळहाताला फोड घेऊन. बीडला काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, ऊन कसं वाटून घेतलं जातं ते पाहिलं. पातळ धुरात खालच्या पानालाही घास मिळतो, हे खरंच. पण त्या धुरापायी कुठलं तरी रान जळालेलं असतं. जळताना त्यानं साठवलेला कर्ब हवेत जातो, आणि धूर दाट झाला तर वरची पानंही उपाशी. आगटीपाशी राहून गेलेलं वाक्य ते हेच.

परवा आप्पांचा फोन आला. "मावशी, पल्याडून वणवा आलता. आमी चार म्हातारी, काय इझवनार? पर पट्ट्यापाशी आला आन् थांबला. तुमच्याकडचा तुकडा लई वाकडा हाय, तरी बी थांबला. लेकरं कारखान्यावरून येतील, तवा झाडाला कैऱ्या असतील बगा."