हरेश्वरची कवळ्यांची बरणी

हरेश्वर मेलेल्यांच्या कवळ्या घासूनपुसून जिवंतांच्या तोंडात बसवतो, अशी आमच्या बोर्ली पंचतनात कुजबुज होती. ती कोणी उठवली ते सांगत नाही. यादीत माझंही नाव निघेल.

पण संशय यावा असंच त्याचं वागणं! पन्नाशीचा, घुमा माणूस. अलिबागच्या दातांच्या डॉक्टर निवेदिताबाई मापं पाठवायच्या आणि हा बाजारामागच्या खोलीत कवळ्या बनवायचा. इथवर ठीक. पण कोणाचं तेरावं उरकलं, की स्वारी दारात हजर. "काकांची कवळी टाकली नाहीत ना?" मेलेल्याचं अंथरूणही घरात ठेवत नाहीत, तिथे कवळी कोण ठेवणार? लोक देऊन टाकायचे.

एकदा श्यामलावहिनींनी त्याच्या खिडकीतून पाहिलं. मुद्दाम नाही हो, सहज टाचा उंचावून. बरणीत वीसेक कवळ्या, आणि हा नाजूक काट्यावर पांढरी पूड तोलतोय!

"राख असणार," वहिनी म्हणाल्या. आठवड्यात चार गिऱ्हाइकं कवळ्या परत करून श्रीवर्धनला पळाली.

उरली धर्माजीची विधवा काशी. तिची कवळी दोनदा मधोमध मोडलेली. नवी घेऊन हरेश्वर तिच्या ओटीवर आला, तेव्हा आम्ही चौकस मंडळी होतोच. "हिनंही परत केली तर निवेदिताबाई काम दुसऱ्याला देतील," तो मला हळूच म्हणाला.

काशीने कवळी उजेडात धरली. हिरडीचा रंग नेहमीच्या गुलाबीहून फिका.

"मेल्या, ही आमच्या धन्याची न्हाय ना? जलमभर त्याची बोलणी खाल्ली, आता त्याच्याच दातांनी भाकरी खाऊ?"

हरेश्वरने पिशवीतून डबी काढली. वर चिठ्ठी: धर्माजी. आत कवळीचे दोन तुकडे.

"काकी, त्यांची मीच मोडली. वर हळूहळू वजन वाढवत."

"कशापायी रं?"

"कुठं फुटते ते बघायला."

काशीने तुकडे जुळवले, भेगेवरून बोट फिरवलं. "माझी मोडायची तिथंच की!" मग नवी कवळी तोंडात बसवून सुनेला हाक मारली, "सोनल, भाकरी आण. कोरडीच."

ती चावत राहिली. आम्ही तिच्या जबड्याकडे बघत राहिलो.

खरं एवढंच होतं: हरेश्वर जुन्या कवळ्या मोडून बघायचा, एकही त्याने पुन्हा वापरली नाही. पांढरी पूड झिर्कोनिया नावाच्या कठीण पदार्थाची होती. कवळीचं ॲक्रिलिक, म्हणजे हिरडीचं गुलाबी प्लॅस्टिक, मजबूत व्हावं म्हणून निवेदिताबाईंच्या सांगण्यावरून तो ती अतिसूक्ष्म पूड मोजून त्यात मिसळत होता; हिरडी फिकी दिसली ती त्यामुळेच.