गेटची आतली बाजू

आमच्या कॉलेजच्या गॅलरीत जेवढे आर्टिस्ट आले, त्या प्रत्येकाला पहिला प्रश्न मी विचारलाय. दुसरं कोणी विचारतच नाही म्हणून गॅलरी बघणाऱ्या मॅडमनी मला ती ड्युटीच लावली होती.

मी अंबरनाथला कॉलेजात मेंटेनन्सला आहे. शाळा मी लवकर सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. नळ, ट्यूब, कुलपं बघतो आणि गॅलरीत वर्क टांगतो. तिथे चित्राला वर्क म्हणतात. मला आधी वाटायचं, वर्क म्हणजे मी करतो ते.

वर्क लागलं की टॉक असतो. आर्टिस्ट तासभर आपल्या कामाबद्दल बोलतो, मग पोरांनी प्रश्न विचारायचे. त्याला मॅडम रिस्पॉन्स म्हणतात. पोरं हजेरीपुरती येतात आणि मोबाईलमध्ये मुंडी घालून बसतात. पाहुणा बोलायचा थांबला की एसीचं पाणी टपकताना ऐकू येतं. ते टपकणं पण माझ्याच खात्यातलं. मग मी हात वर करायचो, ठरलेला प्रश्न टाकायचो, "ही आयडिया तुम्हाला कुठून सुचली?" आणि सरळ पँट्रीत, समोसे काढायला. माझा प्रश्न म्हणजे सुट्टीची घंटा, हे पोरांनी बरोबर ओळखलं होतं. उत्तर कोणी ऐकत नव्हतं. मी पण नाही.

त्या दिवशी ट्रस्टी साहेब येणार होते. उल्हासनगरचे, फर्निचरचा धंदा. पोरांना रस नाही असं दिसलं तर गॅलरी बंद करून तिथे कॉम्प्युटर लॅब करणार होते. मॅडमनी सकाळीच मला पकडलं.

"गजानन, आज तोंड उघडायचं नाही. पोरांना विचारू दे."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतील. मी सांगितलंय त्यांना."

मॅडमचा पोरांवरचा हा विश्वास बघून माझं डोकंच उठतं.

आर्टिस्ट वांगणीची मुलगी होती. तिच्या घरच्या शेताभोवती आता फार्महाऊस झालेत. तिने तसलंच एक गेट केलं होतं, खऱ्या मापाचं, पण सगळं भाताच्या पेंढ्याचं. कुलूप पण पेंढ्याचं. ते टांगताना मी एवढा शिंकलो की वॉचमन बघायला आला.

ती मनापासून बोलली. बापाला स्वतःच्याच शेतात जायला कसा वळसा पडतो, ते सांगितलं. मग थांबली.

एसी टपटप. साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅडमनी पोरांकडे बघितलं, पोरांनी माझ्याकडे. ती बिचारी माईक धरून उभी. मॅडमनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आता हे 'विचार' म्हणून, का 'गप्प बस' म्हणून? मला घरी बायकोचे डोळे अजून वाचता येत नाहीत, मॅडमचे काय वाचणार?

उठलो. ठरलेला प्रश्न टाकावा, तर आयडिया कुठून आली तेच तिने तासभर सांगितलं होतं. म्हणून सकाळपासून डोक्यात अडकलेलं विचारलं.

"ताई, लावताना मला कळलंच नाही. ह्याची आतली बाजू कुठली? म्हणजे आपण आता आत आहोत का बाहेर?"

ती गेटकडे बघत राहिली. मग माईक तोंडाशी नेला.

तेवढ्यात खुर्च्या सरकल्या. घंटा झाली होती ना. अख्खा हॉल उभा. साहेब मागे वळले, गडबडले, आणि स्वतः उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. मग पोरांना पण वाजवाव्या लागल्या.

"मॅडम, बच्चे खडे हो गये," साहेब म्हणाले. "और क्या रिस्पॉन्स चाहिए?"

हे सगळं मी पँट्रीच्या दारातून बघितलं.

गॅलरी वाचली. लॅब दुसऱ्या मजल्यावर गेली. अनुभवाने सांगतो, कलेला लोक उभं राहून दाद देतात, फक्त समोसा गरम पाहिजे.

ती मुलगी गेटजवळ एकटीच उभी होती. मी प्लेट घेऊन गेलो.

"ताई, मनावर घेऊ नका. पोरांना ऐकायची सवयच नाही. तुमचं उत्तर राहूनच गेलं."

तिने समोसा उचलला.

"सगळ्यात आधी तुम्ही पळालात, दादा."