मस्कतमध्ये लिहिलेला अर्ज आणि त्याच्या दोन प्रती

अर्जदार : मी स्वतः, वय वर्षे चोपन्न, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्जनवीस, बैठक उमरखेडच्या तहसील कचेरीसमोर.
ज्यांच्याबाबत : कोल्हापूरकडील सेवानिवृत्त एस.टी. ड्रायव्हर, वय वर्षे बासष्ट, विधुर, त्या वेळी राहणार मुलाकडे, मस्कत.
काळ : लेकीकडील आमच्या तीन महिन्यांच्या मुक्कामाचा अखेरचा आठवडा.
साक्षीदार : एक, माझी पत्नी. दोन, रत्नागिरीकडील निवृत्त मास्तर.
नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

सव्वीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी कागदावर मांडत आलो आहे. वारसनोंद असो, रेशनकार्ड असो की शेताकडे जाणारी अडवलेली पांदण, माझ्या हातचा अर्ज साहेबाने न वाचता बाजूला सारल्याचे मला आठवत नाही. मस्कतला लेकीच्या इमारतीसमोरील बागेत आम्हा तिघांची बैठक जमली, तेव्हा माझा व्यवसाय ऐकून ड्रायव्हरसाहेब मला ‘वकीलसाहेब’ म्हणू लागले, आणि मी त्यास हरकत घेतली नाही. मास्तर मात्र ‘अहो अर्जदार’ म्हणत. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने इतके नेटके लिहावे, हे त्यांच्या गळी उतरत नसावे.

परतीचा दिवस जवळ आला तशी आमची संध्याकाळची बैठक लांबू लागली. पत्नी थर्मासभर चहा घेऊन येई आणि स्वतःही बसे. मास्तर पत्ते आणत आणि हरायला लागले की कंबर दुखते म्हणून उठत. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाच्या घरी एकेक जेवण करायचे ठरले. मास्तरांकडे सोलकढी झाली. आमच्याकडे ढाणकीच्या बाजारातून नेलेल्या लाल मिरच्यांचा ठेचा झाला, तो खाऊन मास्तरांनी तीन पेले पाणी संपवले. तिसरे जेवण ड्रायव्हरसाहेबांकडे, म्हणजे त्यांच्या मुलाच्या घरी.

मुलगा आणि सून चांगली माणसे आहेत, हे मी येथे नमूद करतो. त्यांनी आग्रहाने वाढले. परंतु बागेत बसल्या जागी हाताने स्टेअरिंग फिरवून आम्हाला घाटाची वळणे दाखवणारा माणूस स्वतःच्या मुलासमोर पाहुण्यासारखा बसला होता. मुलगा सहज म्हणाला, “बाबांना इथं सगळं आहे. गावाकडं आता कोण आहे त्यांचं?” ड्रायव्हरसाहेबांनी मान डोलावली आणि ताटातला भात उगाच सारखा केला.

दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी मन मोकळे केले. मस्कतला येऊन सोळा महिने झाले होते. गावातले घर कुलूपबंद होते. भाऊ होता, स्टँडवरच्या हॉटेलात रोज सकाळी वाट पाहणारे चौघे होते. त्यांना आमच्याबरोबर, आमच्याच विमानाने परत जायचे होते. मुलाला सरळ सांगा, असे मास्तर म्हणाले.

“तोंडानं न्हाई जमायचं, मास्तर. पन्नास माणसं मागं घिऊन घाट उतरलोय म्या. पर त्येच्या म्होरं बोलाय गेलं की जीभच आडकती.”

“म्या लिहून देतो,” मी म्हणालो. “तुमी फक्त सही करा.”

तो अर्ज माझ्या उत्तम अर्जांपैकी एक होता, हे आजही सांगतो. विषय : मूळ गावी परत पाठविण्याबाबत. खाण्यापिण्याची तक्रार नाही, सुनेची तक्रार नाही, केवळ आपल्या माणसांत राहण्याची इच्छा आहे, असे तीन परिच्छेद. शेवटी डाव्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे लिहिले : प्रत माहितीस्तव, बंधू, राहणार गावी, विवाहित कन्या, राहणार सातारा. प्रत नसलेला अर्ज टेबलाच्या खणात कायमचा जातो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. ड्रायव्हरसाहेब आयुष्यभर लेखी हुकमावर चाललेले. त्यांनी सही केली, मोबाइलवर फोटो काढले आणि दोन्ही प्रती तिथेच बाकावरून रवाना केल्या. मूळ कागद मुलाला रात्री द्यायचा होता.

मुलगा कामावरून घरी येण्याआधीच त्याच्या चुलत्याचा फोन त्याला गेला. बापाला कोंडून ठेवले आहेस काय, असे चुलत्याने विचारले. पाठोपाठ बहीण फोनवर रडली. हे सुनेने माझ्या पत्नीला सांगितले.

पुढले दोन दिवस ड्रायव्हरसाहेब बागेत आले नाहीत. मास्तरांनी पत्ते पिसले आणि न वाटताच ठेवून दिले. मी पत्नीला प्रतीचे महत्त्व समजावून सांगत होतो, तेव्हा ती चहा ओतताना थांबली.

“तहसीलदार आहे का तो पोरगा? बाप-लेकाच्या बोलण्यात प्रत कायले लागते?”

सव्वीस वर्षांत माझ्या अर्जावर इतका थोडक्यात शेरा कोणी मारला नव्हता. मी त्याच संध्याकाळी मुलाच्या दारात गेलो. त्याने आत बोलावले नाही, तरी मी उभ्यानेच सांगितले की मजकूर तुमच्या वडिलांचा आहे आणि तो खरा आहे. प्रती माझ्या सवयीच्या आहेत, ती चूक माझी.

त्याचा हात दाराच्या कडीवरच होता. “काका, ते मला एकदा म्हणाले असते ना, तर मी स्वतः सोडायला गेलो असतो,” तो म्हणाला. “आता मी त्यांनाच विचारतो. तुम्ही मध्ये पडू नका.”

मी शब्द दिला. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला, पण ड्रायव्हरसाहेब बाहेर आले नाहीत. दोन दिवसांनी आमच्या विमानात ते नव्हते.

त्यास आता पाच महिने होत आले. शब्द दिल्यामुळे मी फोन केलेला नाही, आणि करणार नाही. मास्तरही त्यांच्या गावी परतले. त्यांनाही काही ठाऊक नाही. कागदाने काम बिघडते तसे कागदानेच ते मार्गीही लागते, यावर माझा अद्याप विश्वास आहे, म्हणून हे लिहिले.

सबब, ड्रायव्हरसाहेबांस विनंती की, आपण आपल्या गावी पोचला आहात किंवा कसे, आणि मुलाशी बोलणे झाले किंवा कसे, एवढे दोन ओळींत कळवावे. माझ्यावर राग असल्यास तोही लिहावा. उत्तर आपल्या सवडीने द्यावे. मुदत घातलेली नाही.