मसाल्याच्या डब्यातला चमचा

निघताना माझ्या बॅगेच्या यादीत सतरा वस्तू होत्या. अठरावी आईने दारातच कोंबली, मसाल्याचा डबा. बाबा म्हणाले, "यादीत लिही. लिहिलं नाही ते हरवतं."

बाबा दिल्लीत राष्ट्रपतींच्या निवासात काचसामान आणि चांदीची भांडी सांभाळायचे. आम्ही आवारातल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. राष्ट्रपती बदलले की स्वयंपाकघराची चव बदलायची. कुणाला बिनतिखट, कुणाला रोज दही. यादी मात्र बदलत नसे. प्रत्येक मेजवानीनंतर चमचानचमचा मोजला जाई. "इथे राष्ट्रपतीसाहेबसुद्धा पाहुणेच," बाबा म्हणत. आपणही, हे मला उशिरा कळलं.

बत्तिसाव्या वर्षी मी बहारीनला आले, हॉटेलच्या चादरी-टॉवेलांच्या लिनन स्टोअरची सुपरवायझर म्हणून. तिथल्या हिद्द गावातल्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या आठवड्यात मसाला काढताना हाताला चमचा लागला. दांड्यावर राजमुद्रा. राष्ट्रपतींच्या निवासातला.

कसा आला, ते लगेच उमगलं. मेजवानीची उरलेली खीर स्टाफमध्ये वाटली जायची. मी निघायच्या आदल्या रात्रीच्या खिरीच्या डब्यातून तो घरी आला असणार. आईला जवळचं दिसत नाही. तिने धुऊन मसाल्यात खोचला.

बाबा महिन्याने निवृत्त होणार होते. त्याआधी चार्ज द्यायचा, आणि यादी जुळल्याशिवाय निवृत्तीचे कागद सुटत नाहीत. मी फोन केला तर बाबाच आधी बोलले, "तू गेल्यापासून एक चमचा कमी येतोय गं. तीनदा मोजलं. एकतीस वर्षांत असं झालं नाही."

मी सांगितलं.

"पाठव," एवढंच म्हणाले.

माझी रूममेट फिलोमिना, वसईची, अकरा दिवसांनी लीव्हवर दिल्लीमार्गे जाणार होती. ते अकरा दिवस मी चमचा टॉवेलात गुंडाळून, तीन कुलपांआड ठेवला. दारावर टकटक झाली की मी आधी कुलपं तपासायचे. कुणी पाहिलं तर? चोरी म्हटलं तर? माझा व्हिसा, बाबांचं नाव.

"चमचाच ना गो? बॉम्ब दिल्यासारखी काय देतेस!" फिलोमिना हसली. "पोचेल. इंशाल्ला म्हण नि झोप."

चमचा पोचला. पण त्याआधीच बाबांनी त्यांच्या वरच्या साहेबांना सगळं सांगून लेखी दिलं होतं, "चूक माझ्या घरची." मी इथे कुलपं तपासत असताना ते तिथे एकटेच केबिनबाहेर उभे होते. हे त्यांनी नाही, आईने सांगितलं.

यादी जुळली. महिनाभरात क्वार्टर रिकामं केलं. ज्याला मी घर म्हणत होते तिथे आता दुसऱ्या कुणाची भांडी आहेत.

आईबाबा आता सावंतवाडीला, दोन खोल्यांत राहतात. मागच्या महिन्यात मसाला आला. आत साधा स्टीलचा चमचा होता. झाकणाला बाबांच्या अक्षरातली यादी चिकटवलेली:

मसाला, एक किलो.
चमचा, एक. आपला. परत पाठवू नये.